जॅझ-श्रवणाची देवाणघेवाण (कोकण किनारा)

आपण सध्या कोणता जॅझ अल्बम ऐकत आहोत हे इतर रसिकांना कळवण्याचा आणि त्यांचे ऐकणे विचारून घेण्याचा प्रघात. वेष्टनाचे छायाचित्र, वादकांची नावे, तबकडी कोठे व केव्हा छापली याची माहिती आणि एखादे मत एवढा मजकूर पुरतो. मुंबई आणि गोवा ही याची किनाऱ्यावरील दोन जुनी ठाणी होत. मधल्या पट्ट्यात असे रसिक विखुरलेले आहेत.

‘अल्बम’ ही संज्ञा लाखेच्या तबकड्यांच्या काळातली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे वादन मावे, म्हणून अनेक तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत एकत्र विकत. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची एल.पी. (लाँग-प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी) बाजारात आणली. तिची एक बाजू साधारण २२ मिनिटांची. बांधणी गेली, नाव उरले.

जॅझची गोडी या किनाऱ्यावर कशी रुजली याबद्दल दोन मते आढळतात. पहिले मत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलकडे बोट दाखवते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद तेथे वाजला. पुढे ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही आले. दुसरे मत मूळ गोव्यातील चर्चच्या शाळांत शोधते. पोर्तुगीज अमदानीत तेथे मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि ते शिकलेले वादक पोटापाण्यासाठी मुंबईस येत. या मतावर आक्षेप असा, की लिहिलेले वाजवणे वेगळे आणि ऐन वेळी मनाने बढत करणे वेगळे. आक्षेप खरा आहे. तरीही पाहुणे वाद्यवृंद परतल्यावर जॅझ येथे टिकला कसा, याचा उलगडा दुसऱ्या मतानेच अधिक होतो. बार्देशातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ) यांचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद चालवत असतानाच ते सी. रामचंद्र यांच्याकडेही वाजवत. तेव्हा कित्येक मराठी श्रोत्यांच्या कानांवर जॅझचे वळण हिंदी चित्रपटगीतांतून आधी पडले आणि ‘जॅझ’ हा शब्द मागाहून, असे मानण्यास हरकत नाही.

१९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी नभोवाणीवर विलिस कोनोव्हर यांचा जॅझ कार्यक्रम लघुलहरींवर ऐकू येऊ लागला. वादकांची नावे ते सावकाश, सुटी सुटी उच्चारत. ती कागदावर टिपून घेणे ऐकणाऱ्याला जमे. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरली, तीत अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स वाजवून गेले.

ऐकलेल्या अल्बमबरोबर छपाईचा उल्लेख का लागतो, हे नवख्याला कळत नाही. अमेरिकी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’चेच पाहा. २ मार्चच्या बैठकीत मुख्य ध्वनिमुद्रण यंत्र किंचित मंद फिरत होते. परिणामी पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना योग्य वेगाने लावल्या की थोड्या चढ्या वाजतात. ही चूक १९९० च्या दशकातील आवृत्त्यांत दुरुस्त झाली. म्हणजे हा अल्बम ऐकणाऱ्या दोघांचा ‘सा’ एकच असेल असे नाही.

उलट प्रकारचा घोटाळा किनाऱ्याला अधिक जवळचा, कारण येथे जहाजावर नोकरी करणारी माणसे पुष्कळ. अमेरिकेतून आणलेला जुना रेकॉर्ड प्लेयर ११० व्होल्टचा, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावतात. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, पण विजेची वारंवारता बदलत नाही. ती अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ज्या मोटारीचा वेग वारंवारतेवर ठरतो, ती येथे पाच-षष्ठांश वेगाने फिरते: ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे. २२ मिनिटांची बाजू साडेसव्वीस मिनिटांच्या आसपास जाते आणि सूर पेटीवरच्या तीन पट्ट्यांहून थोडा अधिक उतरतो. काळी पाच पांढरी पाचच्याही किंचित खाली येते. पेटीवाल्याला हे पहिल्याच सुराला कळते. इतरांना सॅक्सोफोन फार गंभीर वाटतो, इतकेच. उपाय मोटारीच्या दांड्यावर ५० हर्ट्झसाठीची कप्पी बसवण्याचा. डी.सी. मोटारीच्या यंत्रांना ही अडचण नाही.

पावसाळ्याची अडचण मात्र सगळ्यांना सारखीच. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दमट हवेत वेष्टनाच्या पुठ्ठ्यावर आधी करड्या ठिपक्यांची बुरशी धरते, मग कागदी आतपिशवी तबकडीला चिकटते आणि खाचांत पांढुरकी साय उतरते. ती सुईखाली आली की ब्रशवर वाजवलेल्या हलक्या ड्रमवर कांदा परतल्यासारखी चरचर ऐकू येते. तबकड्या उभ्या ठेवणे, बाहेरच्या भिंतीला कपाट न टेकवणे, कागदाऐवजी प्लास्टिकची आतपिशवी वापरणे आणि बुरशी दिसताच शुद्ध पाण्याने खाचांच्या दिशेने पुसणे हे रूढ उपाय. आडव्या रचलेल्या तबकड्या वजनाने वाकतात. यामुळे जून-जुलैतल्या निरोपांत अल्बमच्या नावापुढे ‘पहिली बाजू पुसून लावली, दुसरीला लाईट गेली’ अशा धर्तीची पुरवणी येते.