शिवारातले खळगे आणि दगडी कोळशाची पहिली खोदाई

सोलापूर जिल्ह्यात बोअर मारताना पाइपातून उडतो तो काळ्या पाषाणाचा भुगा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा हा खडक. त्यात दगडी कोळसा नाही. राज्यातला कोळसा मुख्यतः वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि नागपूरच्या आसपास सापडतो, आणि तो या पाषाणाहून फार जुना, २५ कोटी वर्षांपलीकडचा आहे. इथल्या चुलीला आणि लोहाराच्या भट्टीला माहीत होता तो लाकूड जाळून केलेला लोणारी कोळसा. तरीही गेल्या दीडशे वर्षांचं सोलापूर दगडी कोळशावाचून सांगता येत नाही. म्हणून ज्या गावांनी तो आधी उकरला, त्यांच्या रानात काय शिल्लक राहिलं हे आपणही जाणून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

अशा खुणांचा बारकाईने अभ्यास झाला तो इंग्लंडमध्ये. तिथे काही टेकड्यांच्या उतारावर कोळशाचा थर उघडाच पडलेला असतो. लोकांनी आधी तोच उकरला. थर जमिनीत शिरू लागला तसे आड खणले. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खोली फार तर दहा-बारा मीटर. थर लागला की तळाशी चहूबाजूंनी कोरत जायचं आणि माल रहाटाने वर ओढायचा. आतून हा आड घंटेसारखा दिसे, म्हणून इंग्रजीत त्याला घंटेवरूनच नाव पडलं. छत ढासळायची भीती वाटू लागली की तो सोडून शेजारीच दुसरा घ्यायचा. निघालेली माती-मुरूम तोंडाभोवतीच टाकलेली असे. पुढे आड आतून बसला की मध्ये खळगा आणि भोवती मातीचं कडं उरे. आपल्याकडे बुजलेल्या विहिरीभोवती मुरमाचा उंचवटा राहतो, तसंच हे.

एकटा खळगा फारसं सांगत नाही, रांग सांगते. खळगे थराच्या मागोमाग जातात, त्यामुळे त्यांची रांग म्हणजे जमिनीखालच्या कोळशाचा नकाशाच. श्रॉपशायर परगण्यात क्ली टेकड्यांपाशी कॅथर्टन नावाचं सामाईक गायरान आहे. तिथे कोळशासाठी आणि लोहदगडासाठी खणलेले असे खळगे मोठ्या संख्येने टिकले, कारण त्या गायरानात नांगर फिरला नाही. जिथे तो फिरला तिथे विमानातून घेतलेल्या फोटोत मातीचे गडद ठिपके तेवढे दिसतात. झाडीखालचे खळगे आता विमानातून सोडलेल्या लेसर किरणांनी मोजता येतात.

वय ठरवण्याची एक पद्धत तर कोणाही शेतकऱ्याला पटेल. मातीचा ढीग जुन्या सऱ्या-वरंब्यांवर पडलेला असेल तर शेत आधीचं आणि खाण नंतरची. सरी ढिगावरून गेलेली असेल तर उलट.

खळग्यांजवळ कधी एक सपाट गोल जागा आढळते. तिथे घोडा फिरवून माल वर ओढत. तेलघाण्याभोवती बैल फिरून जमीन जशी चोपली जाते, तशी ती जागा. उतारावर पाणी काढून देणाऱ्या भुयारी चरांची तोंडं दिसतात. आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी खूण म्हणजे लाकडी रुळांच्या वाटा. नॉटिंगहॅमजवळ वोलाटन इथे १६०४ च्या सुमारास कोळशाच्या गाड्या लाकडी रुळांवरून घोडे ओढत होते. रेल्वेची सुरुवात या खाणवाटांत आहे.

असे आड म्हणजेच जुनी खाणकला, असा समज बरीच वर्षं होता. लेस्टरशायरमध्ये कोलॉर्टनला उघड्या खाणीचं काम चालू असताना तो मोडला. यंत्रांनी जमीन कापली तेव्हा खाली पंधराव्या शतकाच्या मध्यातले, लाकडाचे आधार दिलेले खोल आड निघाले. छत पेलायला कोळशाचेच खांब राखून केलेलं रीतसर काम होतं ते. लाकडातल्या वाढीच्या कड्या मोजून साल ठरवता आलं. खाणकऱ्यांचे चामडी जोडेही मिळाले. मात्र ज्या खोदाईने हे दाखवलं तिनेच ते कायमचं नष्टही केलं.

जुन्या खोदाईची नोंद नसणं जिवावर बेतू शकतं. ब्रिटनने १८७२ च्या कायद्याने बंद खाणींचे नकाशे सरकारजमा करायला लावले. आपल्याकडे २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाला खाणीत वरच्या जुन्या खोदकामात साठलेलं पाणी घुसलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले.

भारतात कंपनीच्या काळातली खोदाई राणीगंजला १७७४ मध्ये सुरू झाली. १८३६ मध्ये तिथली खाण द्वारकानाथ टागोरांनी विकत घेतली. महाराष्ट्रातली पहिली मोठी खाण वरोऱ्याची, १८७० च्या दशकातली. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग टाकला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली आणि वाफेच्या इंजिनाबरोबर दगडी कोळसाही. १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावू लागली. आज दक्षिण सोलापुरात फताटेवाडी-आहेरवाडीच्या १३२० मेगावॉट वीजप्रकल्पाला बाहेरूनच कोळसा येतो. खाणीच्या गावात खळगे उरतात, तर आपल्यासारख्या जाळणाऱ्या गावात धुराडी, बॉयलरचे चौथरे, राखेचे थर. त्यांवर प्लॉट पडायच्या आत ते मोजून, फोटो काढून ठेवता येतील. ज्यांच्या घरी गिरणीच्या बॉयलरवर किंवा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात राबलेलं कोणी आहे, त्यांनी एवढं तरी विचारून लिहून ठेवावं: कोळसा कुठे उतरायचा, आणि राख कुठे नेऊन टाकायचे?