बूट नव्हे, प्लास्टरच

पावसाळ्यात ठाण्याच्या नौपाड्यात किंवा गोखले रोडला फेरी मारली, की एक पाय काळ्या जाडजूड बुटात घातलेलं कुणीतरी हळूहळू चालताना दिसतंच. डॉक्टर त्याला एअर बूट म्हणतात, सर्जिकलच्या दुकानात वॉकर बूट. गेल्या जुलैत तो आमच्या घरी आला. ओल्या जिन्याची शेवटची पायरी चुकून आईचं पाऊल मुरगळलं आणि करंगळीमागचं लांब हाड मोडलं. चार दिवस कच्चं प्लास्टर, सूज उतरल्यावर बूट. "म्हणजे पक्कं प्लास्टर घालणारच नाही?" आईने डॉक्टरांना दोनदा विचारलं. तिच्या पिढीच्या लेखी हाड मोडलं की प्लास्टर हा नियमच. तो नियम कुठून आला आणि बुटापर्यंत कसा पोचला, हे तिच्यासाठी म्हणून मी शोधत गेलो.

मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही, हे ज्ञान फार जुनं. सुश्रुतसंहितेत वड, पिंपळ, उंबर यांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. मांडी किंवा नडगी मोडली, तर रोग्याला फळीवर झोपवून खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर करायची रीतही आहे, तिचं नाव कपाटशयन. आपल्याकडचे हाडवैद्य कामट्या बांधत आले ते याच समजुतीने.

कामट्या सैल पडतात, ही त्यातली अडचण. युरोपात १९व्या शतकात बेल्जियमच्या लुई स्यूतँने खळीत भिजवलेल्या पट्ट्या वापरल्या, पण त्या वाळायलाच दोन-तीन दिवस लागत. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ साली. तिच्या दोनच वर्षं आधी, १८५१ मध्ये, अँटोनियस माथायसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने सुती कापडात प्लास्टर ऑफ पॅरिसची कोरडी पूड घोळून पट्ट्या केल्या. पाण्यात बुडवून गुंडाळल्या की काही मिनिटांत दगड. जिप्सम हे खनिज भाजलं की त्यातलं पाणी उडून ही पूड होते, आणि पाणी परत मिळालं की ती घट्ट बसते. पीओपीचे गणपती होतात ते याच पुडीचे. पुढे क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यचिकित्सक पिरोगोव्हने ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली.

पण पक्क्या प्लास्टरने एक वेगळंच दुखणं आणलं. हाड जुळायचं, पण प्लास्टर काढलं की आतून निघायची काटकुळी पोटरी आणि गंजल्यासारखा घोटा. पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात. ते निजले की सूज राहते, कधी शिरेत गुठळीही होते. मग प्रश्न उभा राहिला: विश्रांती किती, हालचाल किती? मला या सगळ्या इतिहासाचं मर्म या भांडणात दिसतं.

विश्रांतीचा कैवारी लिव्हरपूलचा हाडांचा डॉक्टर ह्यू ओवेन थॉमस. त्याचे वडील डिग्री नसलेले, वंशपरंपरेने हाडं बसवणारे, म्हणजे वेल्सचे हाडवैद्यच! थॉमसचा आग्रह असे की विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी. पॅरिसचा शल्यचिकित्सक ल्युका-शांपिओनिएर याच्या अगदी उलट. तो मोडलेल्या अवयवालाही लवकर मालिश आणि हालचाल द्यायचा. थॉमसच्याच हाताखाली त्याच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स तयार झाला. नाचताना या जोन्सचं पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं आणि करंगळीमागचं हाड मोडलं. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ साली, तेव्हा हे हाड फोटोत पाहायची सोय नुकतीच झाली होती. १९०२ मध्ये जोन्सने स्वतःची आणि इतर काही रुग्णांची हकीकत छापली. या हाडाच्या एका प्रकारच्या मोडीला आजही जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. हे ऐकून आईला बरं वाटलं, डॉक्टरचंही मोडलं होतं म्हणून.

तडजोड निघाली व्हिएन्नात. १९२५ पासून तिथलं अपघात रुग्णालय चालवणारा लोरेन्झ बोहलर मोडलेला भाग काटेकोर स्थिर ठेवायचा आणि बाकी सगळं हलवायला लावायचा. प्लास्टरखाली लोखंडी टेकू बसवून तो रुग्णांना चालवत असे. १९६०च्या दशकात अमेरिकेत ऑगुस्तो सार्मिएंतोने नडगी मोडलेल्यांना गुडघा मोकळा सोडणारं प्लास्टर घातलं. भोवतीचे मऊ स्नायू नीट आवळले, तर तेच आतल्या हाडाला आधार देतात, हे त्याने दाखवून दिलं.

एअर बुटातल्या हवेच्या पिशवीचं काम नेमकं हेच आहे. १९७०च्या दशकात एअरकास्ट या अमेरिकन कंपनीने घोट्याच्या दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असलेली रिकिबीसारखी पट्टी आणली. पुढे प्लास्टिकचं कवच, आत हवेच्या पिशव्या आणि खाली होडीसारखा गोल तळवा असा पूर्ण बूट झाला. आत घोटा वाकत नाही, म्हणून तळवाच टाचेकडून बोटांकडे डुलतो आणि पाऊल पुढे पडतं. बांधायला वेल्क्रो. तो स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल याला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचला होता. हवा भरायला रक्तदाब बघताना असतो तसला रबरी फुगा दाबायचा. पाय सकाळी उतरलेला असतो, संध्याकाळी सुजलेला, त्याप्रमाणे हवा कमी-जास्त करायची. आईने पहिल्या दिवशी इतकी भरली की बोटं जांभळी पडली. "काकू, घट्ट म्हणजे मिठी मारल्यासारखं, गळा दाबल्यासारखं नाही," असं डॉक्टरांनी फोनवर समजावलं. या पायाची उंची वाढते म्हणून दुसऱ्या पायात जाड तळव्याची सँडल हवी, नाहीतर कंबर धरते. ही गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

बूट प्लास्टरपेक्षा सरस, असं सरसकट म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये जोरात मुरगळलेल्या घोट्याच्या ५८४ रुग्णांवर झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा दिवसांचं प्लास्टर चांगलं ठरलं, बुटाचा मात्र साध्या नळीच्या बँडेजपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. घोट्याच्या फ्रॅक्चरच्या ६६९ रुग्णांवरच्या २०२१च्या ब्रिटिश चाचणीत प्लास्टर आणि काढता येणारा आधार जवळपास सारखेच निघाले.

मधुमेहींच्या पायाच्या जखमांनी बुटाचं खरं दुबळेपण उघडं केलं. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक पॉल ब्रँड तिथे कुष्ठरुग्णांच्या बधिर पावलांवर काम करत होते. पायाला सगळीकडून चिकटून बसणारं चालतं प्लास्टर घातलं की न भरणारी जखम भरते, हा अनुभव ते १९६०च्या दशकात अमेरिकेत घेऊन गेले आणि तिथे तो तशाच बधिर पावलांच्या मधुमेहींच्या कामी आला. पुढे २००१च्या एका अमेरिकन अभ्यासात १२ आठवड्यांत अशा प्लास्टरमध्ये सुमारे ९० टक्के रुग्णांची जखम भरली, काढता येणाऱ्या बुटात ६५ टक्के. दोन वर्षांनी कारण मोजलं गेलं. दिवसभराच्या हालचालीपैकी जेमतेम २८ टक्के हालचाल बूट घालून झालेली होती. बूट काढता येतो, आणि लोक तो काढतात. म्हणून काही डॉक्टर बुटावरच प्लास्टरची पट्टी गुंडाळू लागले.

ही २८ टक्क्यांची गोष्ट मला आमच्याच घरात दिसली. आई डॉक्टरकडे जाताना बूट घालायची आणि घरात आली की दारातच काढायची. चपला बाहेर, हा आयुष्यभराचा शिरस्ता. स्वयंपाकघरात, देवापुढे पादत्राण कसं चालेल? ती अनवाणी लंगडायची आणि हाडावर भार यायचा. जिथे घरातही बूट वापरतात तिथे घडलेली ही वस्तू. आपल्या उंबऱ्याचा विचार तिच्यात नाही, आणि बूट देताना इथेही कुणी तो करत नाही.

पुढच्या तपासणीत मी हे डॉक्टरांपुढे मांडलं. ते आईला म्हणाले, "काकू, हा बूट नाहीच. हे प्लास्टर आहे, फक्त आत हवा आहे. प्लास्टर घातलं असतं तर देवापुढे गेला असतात ना?"

आई काही बोलली नाही. घरी आल्यावर दारातल्या स्टुलावर बसली, ओलं फडकं मागून घेतलं, तळव्याच्या खाचांतला चिखल नीट पुसला आणि बूट न काढता दिवा लावायला गेली.