स्टोरेज ड्रायव्हरमधला दुहेरी कोड: बदलाचा प्रस्ताव आम्ही कसा तपासतो

ओपनस्टॅक या मुक्त क्लाउड सॉफ्टवेअरवर स्वतःचा क्लाउड चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

तुमच्याकडे दोन-तीन कंपन्यांचे स्टोरेज असेल, तर सिंडरमध्ये (ओपनस्टॅकचा स्टोरेज सांभाळणारा भाग) प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या स्टोरेजशी बोलणारा कोड, चालतो. व्हॉल्यूम (आभासी डिस्क) बनवणे, स्नॅपशॉट (तिची त्या क्षणाची नोंद) घेणे, सर्व्हरला जोडणे, काढणे ही कामे मात्र सगळ्यांची तीच. त्यामुळे तोच कोड थोड्याफार फरकाने जागोजागी सापडतो आणि एका ठिकाणची चूक सुधारली तरी बाकीच्या ठिकाणी ती तशीच राहते. म्हणून हा कोड एकत्र आणण्याचे प्रस्ताव येतात, आणि आमचा त्यांना मनापासून पाठिंबा असतो. व्हॉल्यूम जोडण्याचा कोड पूर्वी नोव्हा (व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग) आणि सिंडर दोन्हीकडे वेगवेगळा होता. २०१५ च्या सुमारास तो ओएस-ब्रिक या लायब्ररीत आला. तुमचा क्लाउड आज तीच वापरतो.

तरीही प्रत्येक प्रस्ताव आम्ही ओळ न् ओळ वाचतो. सारख्या दिसणाऱ्या दोन तुकड्यांतली एखादी वेगळी ओळ बहुधा कुणीतरी ठेच लागल्यावरच घातलेली असते.

आयस्कझीचेच, म्हणजे नेटवर्कवरून डिस्क जोडण्याच्या पद्धतीचेच, घ्या. काही स्टोरेज प्रत्येक व्हॉल्यूमला वेगळे टार्गेट (सर्व्हर ज्याला जोडला जातो तो पत्ता) देतात. काही सगळी व्हॉल्यूम एकाच टार्गेटमागे वेगवेगळ्या लन क्रमांकांनी (टार्गेटमागच्या डिस्कचे क्रमांक) ठेवतात. पहिल्या प्रकारात व्हॉल्यूम काढल्यावर सेशन (सर्व्हर आणि टार्गेटमधली जोडणी) लॉगआउट केले की काम झाले. दुसऱ्या प्रकारात तेच केले, तर त्या सर्व्हरवर चालू असलेल्या इतर व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कही तुटतात. म्हणून सामाईक फंक्शन डिस्क काढण्याआधी बफरमधला डेटा फ्लश करते (डिस्कवर लिहून टाकते) का, आणि लॉगआउटआधी त्या सेशनवर दुसरी डिस्क उरली आहे का हे बघते का, हे आम्ही सर्वांत आधी तपासतो. नसेल, तर प्रस्ताव परत जातो.

डिलीटचेही तसेच. सेफ (Ceph) या स्टोरेज प्रणालीत स्नॅपशॉटवरून केलेला क्लोन, फ्लॅटन केला (मूळ डेटा त्यात उतरवून स्वतंत्र केला) नसेल तर, मूळ स्नॅपशॉटवर अवलंबून राहतो. एलव्हीएम (लिनक्सची डिस्क विभागण्याची सोय) ड्रायव्हर सरळ पूर्ण प्रत काढतो. दोन्हींचे डिलीट एकाच साच्यात बसवण्याचा हट्ट आम्हाला पटत नाही. सामाईक क्लासमध्ये कंपनीच्या नावाने इफ-एल्स वाढू लागले, तर त्यापेक्षा दुहेरी कोड परवडला.

तपासणीसाठी तुमच्या स्टोरेजचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती आणि मल्टिपाथ (एकाच डिस्कपर्यंत एकाहून जास्त मार्ग) चालू आहे की नाही, एवढे कळवा. शक्य असेल तर त्याच स्टोरेजवर चाचणीसाठी दोन रिकामी व्हॉल्यूम द्या: एक काढताना दुसरे टिकते का, हे आम्हाला तुमच्याच यंत्रावर पाहायचे असते.