किनोसाकीचे दोन कोरे दिवस: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

जपान सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत किनोसाकीचे दोन दिवस कोरे कसे, असं प्रत्येक गटात कुणीतरी विचारतंच. ती छपाईची चूक नाही. तिथे आम्ही रेल्वेचं आरक्षण करतो आणि ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या मुक्कामाच्या घरात, खोली घेतो. गाईड नाही, बस नाही, सकाळी आठला लॉबीत जमणं नाही.

ह्योगो प्रांतातलं हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. ओसाकाहून ‘कोनोतोरी’ किंवा क्योतोहून ‘किनोसाकी’ गाडीत बसलात की साधारण अडीच-पावणेतीन तासांत पोचता. ओतानी नावाची अरुंद नदी, काठाला विलोची झाडं, वर दगडी कमानीचे छोटे पूल. गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं पुरतात, त्यामुळे हरवायची सोयच नाही.

गावकरी म्हणतात, अख्खं गाव म्हणजे एकच ऱ्योकान: स्टेशन हे दार, रस्ता हा बोळ, ऱ्योकान म्हणजे खोल्या आणि सात सार्वजनिक स्नानगृहं म्हणजे न्हाणीघर. हे नुसतं कौतुकाचं बोलणं नाही. १९२५च्या भूकंपात आणि आगीत गाव बेचिराख झालं. पुन्हा उभं राहत असताना, १९२७ साली, एका ऱ्योकानने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचं कुंड काढलं आणि गाव खवळलं. पाहुणे घरातच न्हायला लागले तर रस्त्यावर येणार कोण? वाद कोर्टात गेला, तो १९५० साली तडजोडीने मिटला. आतली कुंडं आली, पण लहान. म्हणून संध्याकाळी सगळे पाहुणे युकाता, म्हणजे सुती किमोनो, नेसून, गेता या लाकडी चपला खटखटवत बाहेरच पडतात. मुक्कामाच्या पाहुण्यांना या स्नानगृहांचा पास ऱ्योकानच देतं.

सातही एका दिवसात उरकायचा हट्ट मात्र धरू नका. तीन पुरेत, हे आमचं मत. मांदारा-यू जुन्या कथेतलं: दोची शोनिन या साधूने हजार दिवस प्रार्थना केली आणि इ.स. ७२० मध्ये इथे झरा फुटला, असं सांगतात. कोनो-यू सगळ्यात आत, शांत. जखमी करकोचा इथल्या पाण्याने बरा झाला अशी त्याची गोष्ट. इचिनो-यूत गुहेसारखं कुंड आहे. प्रत्येकाची आठवड्याची सुट्टी वेगळी, तेव्हा सकाळी ऱ्योकानमध्ये विचारून निघा.

आता ज्याची धास्ती असते ते. स्त्री-पुरुषांची कुंडं वेगळी आहेत, पण आत कपडे नाहीत, पोहण्याचा पोशाखही चालत नाही. वज्रेश्वरीच्या कुंडावर लुगड्यात न्हाणाऱ्या आपल्या मंडळींना हे अवघड जातं, आम्हालाही गेलं होतं. पहिली पाच मिनिटं. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचं, मग कुंडात उतरायचं. साबण कुंडात न्यायचा नाही, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, केस वर बांधायचे. पाणी चांगलंच कढत असतं. बाहेर या, दम घ्या, पाणी प्या. रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच. जपानात बऱ्याच स्नानगृहांत टॅटू असलेल्यांना आत घेत नाहीत. इथे टॅटू चालतो, त्यामुळे आजीच्या हातावरच्या गोंदणाची काळजी नको. युकाताची डावी बाजू उजवीवर घ्या. उलटी फक्त मृताला नेसवतात.

जेवणाचं स्पष्ट सांगतो. नोव्हेंबर ते मार्च मात्सुबा खेकड्याचा हंगाम. खाणाऱ्यांची चंगळ, दर मात्र चढे. शाकाहाऱ्यांसाठी अडचण आहे: वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या रश्शातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. म्हणून आरक्षणाच्या वेळीच कळवा. जमत नसेल तर आम्ही रात्रीच्या जेवणाविना खोली घेतो. मेतकूट बरोबर ठेवा, गरम भात सगळीकडे मिळतो.

दुसऱ्या दिवशी पाय शिवशिवले तर जवळच्या गेनबुदो गुहांना सायकलने किंवा टॅक्सीने जा. सुमारे १६ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे षट्कोनी खांब आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल तर ओळख लगेच पटेल: तोच आपला बेसॉल्ट, फक्त वयाने फार लहान. याच दगडांतलं चुंबकत्व मोजून मातुयामा मोतोनोरी या जपानी शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात दाखवलं की पृथ्वीची चुंबकीय दिशा पूर्वी उलटी होती. वाटेत भातखाचरात करकोचे दिसले तर थांबा. जपानातला शेवटचा रानटी करकोचा याच तोयोओका भागात १९७१ साली मेला. पिंजऱ्यात वाढवलेले २००५ पासून पुन्हा मोकळे सोडले.

आणि काहीच करावंसं वाटलं नाही, तर गावात पाय बुडवून बसायची फुकट कुंडं आहेत. उगमाच्या कढत पाण्यात स्वतः अंडी उकडता येतात ती रोपवेच्या पायथ्याशी.