मांडो घरातला, देखणी पलतडची

पणजीला मांडवी नदीत संध्याकाळी ज्या बोटी फिरतात त्यांवर पाहुण्यांसाठी नाच असतात. परवा तिथे नऊवारी नेसलेल्या, पायांत घुंगरू बांधलेल्या चार मुली पुढे आल्या आणि निवेदक म्हणाला, "आता बघा गोव्याचा मांडो." मला राहवेना. शेजारी बसलेल्या पुण्याच्या काकूंना सांगितले की हा मांडो नव्हे, ही देखणी. "दोन्ही कोंकणीच ना रे? मग फरक काय?" बोट धक्क्याला लागेपर्यंत जमले तेवढे सांगितले. राहिलेले इथे सांगतो.

मांडो ऐकू आला की आधी मात्रा मोजाव्या. सहा येतील. आपल्या दादऱ्याच्याही सहाच, पण दादरा ठुमकतो आणि मांडो रेंगाळतो. एकेक ओळ जणू सोडवत नाही. एकोणिसाव्या शतकात तो सासष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या तालुक्यात, वाढला. कुडतरी, लोटली, बाणावली, मडगाव या भागांतल्या ख्रिस्ती भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, मोठी घरे, त्यांत प्रशस्त 'साल' म्हणजे दिवाणखाना, आणि चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकलेली मुले. युरोपातले दरबारी नाच त्या सालात पोचले होतेच. भाषा मात्र घरची कोंकणी राहिली आणि ठेक्याला घुमट हे मातीचे वाद्य आले. पुरुषांची एक रांग, बायकांची एक, समोरासमोर. रांगा जवळ येतात, मागे सरतात, अंगाला अंग लागत नाही. बाईच्या हातात पंखा असतो आणि अर्धे बोलणे तोच करतो.

मांडोत बोलणारा बहुतेकदा 'मी' असतो. माझे प्रेम, माझे लग्न, मला सोडून परगावी निघालेले माणूस. लोटलीच्या तोर्कात द फिगरेदो (१८७६–१९४८) यांचा निरोपाचा मांडो आजही समारंभ संपताना म्हणतात आणि सगळी पंगत गप्प होते. गावावरचे संकटही याच चालीत यायचे. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात निवडणुकीच्या वेळी सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या, त्याचाही मांडो झाला. वर्तमानपत्र विसरले जाते, हा मांडो राहिला. मांडोच्या शेपटाला लागून दुलपद हे जलद चालीचे गाणे येते. तिथे पाय उचलले म्हणून ती देखणी होत नाही.

देखणीचा ठेका दोनाचा, सरळ, उडता. नाचायला फक्त बायका, आणि गाण्यात बहुतेकदा कलावंतीण, म्हणजे देवळात नाचगाण्याची सेवा करणारी बाई. गोष्ट इथेच खोल जाते. गाणी रचणारे ख्रिस्ती, सुरावट बरीचशी पाश्चात्त्य, पण नायिका देवळाच्या दारातली हिंदू बाई. सगळ्यांत प्रसिद्ध देखणी कार्लोस युजेनियो फेरैरा (१८६९–१९३२) यांची. नदीकाठी कलावंतीण उभी आहे, तिला पलीकडे दामूच्या लग्नाला जायचे आहे. नावाड्याला ती अंगावरचे दागिने देऊ करते, तो घेत नाही. 'बॉबी' चित्रपटामुळे (१९७३) ही चाल सगळ्या देशाला माहीत आहे. बाईची गोष्ट फार थोड्यांना.

त्या गाण्यातली 'पलतड', म्हणजे पैलतीर, ही आमची बाजू, असे मी लहानपणापासून मानत आलो. आम्ही अंत्रुजचे, म्हणजे फोंड्याकडचे. दुर्भाटच्या धक्क्यावर उभे राहिले की जुवारी नदीपलीकडे रासई गाव दिसते, आणि रासईच्या मागे लोटली. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली जात होती तेव्हा देव याच पाण्यावरून इकडे आले. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. अंत्रुज तेव्हा पोर्तुगिजांकडे नव्हते. देवांमागून त्यांची सेवा आली, आणि सेवेत कलावंतिणी. सासष्टीतल्या घरांना नदीपलीकडचे ढोल, घुंगरू ऐकू येत राहिले, तिथे जाणे मात्र राहिले नाही. देखणीत मला त्या तुटलेल्या नात्याची ओढ ऐकू येते. मांडोत एका समाजाने स्वतःला गायले. देखणीत त्याच समाजाने नदीपलीकडे पाहिले.

पण पाहणे ते पाहणेच. देखणीतली कलावंतीण सुंदर आहे, नटवी आहे, आणि तिचे शब्द दुसऱ्याने लिहिलेले आहेत. फेरैरांच्याच काळात, १८९२ साली, फोंड्याजवळच्या केरीत केसरबाई केरकरांचा जन्म झाला. मोगूबाई कुर्डीकर बारा वर्षांनी, कुर्डीत. कलावंत घराण्यांतल्या या मुलींनी अल्लादिया खाँसाहेबांकडे बसून ख्यालगायकी कमावली. त्यांचे खरे गाणे ऐकायचे तर देखणीत नाही, त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत सापडेल. ही जोडी मुलांना शाळेत एकत्र ऐकवावी असे मला फार वाटते: आधी देखणी, मग लगेच केसरबाई.

काकूंनी शेवटी विचारले, "मग दोन्हींत सारखे काय?" घुमट. मातीचे मडके, एका तोंडाला कातडे, दुसरे उघडे. डाव्या तळव्याने ते उघडे तोंड झाकत-सोडत राहायचे म्हणजे आवाज आत कोंडतो आणि घुमत बाहेर येतो. पूर्वी कातडे घोरपडीचे असे, आता बकऱ्याचे. मांडोला तेच, देखणीला तेच, आणि चवथीला आमच्या घरी आरतीला माझा काका मांडीवर घेऊन बसतो तेही तेच.