लाल मिरचीचं टिंक्चर घरी करताना
(वाळलेल्या मिरचीची पूड आणि भरड नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडून तिखट लाल मिरची नेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तिचा अल्कोहोलमधला अर्क, म्हणजे टिंक्चर करून पाहायचं असतं. काम सोपं आहे, म्हणूनच ते अंदाजपंचे केलं जातं. इतर वनस्पतींच्या बाबतीत असा ढिलेपणा खपून जातो, मिरचीच्या बाबतीत नाही. इथे वजनकाटा लागतोच.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्यामुळे असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये आणि तेलात सहज विरघळतं. त्यामुळे मिरचीचा काढा उकळून जेवढं हाती लागतं त्याच्या कितीतरी पट अल्कोहोलमध्ये उतरतं. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली तिखटपणा मोजण्याची पद्धत बसवली, तीही याच गुणावर. मिरची अल्कोहोलमध्ये भिजवायची, तो अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावं लागलं ते लिहायचं. केयेन जातीची मिरची साधारण ३०,००० ते ५०,००० स्कोव्हिल एककांची मानतात. एकाच जातीत एवढा फरक पडतो, हे पुढे थेंब मोजताना लक्षात असू द्या.

कोणती मिरची घ्यावी

पूर्ण वाळलेली, देठ काढलेली, बुरशीचा वास नसलेली. बिया काढाव्यात का, हा नेहमीचा प्रश्न. गरज नाही. तिखट बियांत नसतं. बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतं. बिया काढण्याच्या नादात ती शीरही निघून जाते आणि हाती नुसतं लाल साल उरतं.

बारीक पुडीपेक्षा भरड चांगली. पूड बाटलीच्या तळाशी घट्ट बसते आणि गाळताना फडक्याची छिद्रं बुजवते. घरी दळणार असाल तर मिक्सर थांबल्यावर झाकण लगेच उघडू नका. धूळ खाली बसू द्या, नाहीतर घरभर ठसका लागतो. मीठ किंवा मसाले मिसळलेलं तयार तिखट यासाठी चालत नाही. कृत्रिम रंग घातलेली पूड तर घेऊच नका. सुदान-१ या मिरचीपुडीतल्या बेकायदा रंगामुळे २००५ मध्ये ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ बाजारातून परत मागवावे लागले होते. असा रंग अल्कोहोलमध्येही विरघळतो, म्हणजे भेसळ असेल तर ती अर्कासोबत उतरणार.

ताजी मिरची आम्ही सुचवत नाही. तिच्यात जवळजवळ नऊ दशांश पाणी असतं. ५० ग्रॅम ताजी मिरची १०० मिली वोडकात घातली की ४० टक्क्यांचा वोडका २८ टक्क्यांच्या आसपास येतो. तिखट कमी उतरतं आणि अर्क टिकण्याचा भरवसाही कमी होतो.

अल्कोहोल

फक्त पिण्यायोग्य इथेनॉल. हे वाक्य ठळक समजा. दुकानात मिळणारं डिनेचर्ड स्पिरिट, हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर, इंजेक्शनआधी चोळतात ते आयसोप्रोपिल, यातलं काहीही पोटात जाणाऱ्या टिंक्चरला चालत नाही. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं आणि त्याने दृष्टी जाते, जीवही जातो. उकळून किंवा गाळून ते सुरक्षित होत नाही.

४० टक्क्यांच्या वोडकावर काम होतं. पण कॅप्सेसिनला पाणी आवडत नाही, म्हणून ६० टक्क्यांच्या वर गेलात तर अर्क अधिक भरीव येतो. ९५ टक्क्यांचं पिण्यायोग्य अल्कोहोल कायदेशीरपणे मिळत असेल तर ते ६३ मिली मापून घ्या आणि शुद्ध पाणी घालत १०० मिलीच्या रेषेपर्यंत आणा. ६० टक्के झालं. पाणी आधी मोजून घातलं तर मिश्रण १०० मिलीपेक्षा थोडं कमी भरतं, कारण दोन्ही मिसळल्यावर एकूण घनफळ आक्रसतं.

अल्कोहोल नको असेल तर व्हिनेगरमध्येही करता येतं, पण ते बरंचसं पाणीच असतं. तिखट कमी उतरतं आणि अर्क लवकर उतरणीला लागतो. ग्लिसरीनचा या कामी फारसा उपयोग नाही.

कृती

पहिल्यांदा करताना १ ला १० हे प्रमाण धरा: १० ग्रॅम मिरचीला १०० मिली अल्कोहोल. अनेक वाळलेल्या वनस्पतींसाठी १ ला ५ वापरतात, पण मिरचीला एवढ्या तीव्रतेची घाई कशाला? कोरड्या काचेच्या बरणीत भरड घाला, वरून अल्कोहोल ओता, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पाहा. भरड फुगून वर उघडी पडली असेल तर ती बुडेल एवढं अल्कोहोल आणखी घाला आणि तेही लिहून ठेवा. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवून रोज एकदा हलवा. दोन आठवडे पुरतात. चार ठेवलीत तरी बिघडत नाही. लवकर व्हावं म्हणून गॅसवर किंवा गरम पाण्यात ठेवू नका. अल्कोहोलची वाफ पेट घेते.

गाळताना हातमोजे घाला. मलमलचं फडकं दुहेरी करून त्यातून गाळा आणि चोथा पिळून घ्या, कारण बराच अर्क त्यातच अडकलेला असतो. पिळताना फडकं तोंडापासून लांब आणि भांड्याच्या आत धरा. बारीक शिंतोडे उडतात आणि ते नेमके डोळ्यांकडेच येतात. मग अर्क रात्रभर स्थिर ठेवून वरचा नितळ भाग तपकिरी बाटलीत भरा. उजेडात लाल रंग विटतो, म्हणून काच तपकिरी.

लेबलवर मिरचीची जात, प्रमाण, अल्कोहोलची टक्केवारी, भरल्याची तारीख आणि ‘डोळ्यांपासून व मुलांपासून दूर ठेवा’ एवढं लिहा. नुसतं ‘मिरची’ लिहिलेली बाटली वर्षभराने कुणाच्याच कामाची नसते.

किती आणि कसं घ्यावं

बऱ्याच पाण्यात एक थेंब, जेवणानंतर. सोसलं तर दोन. जीभेवर थेट कधीच नाही. थेंब पाण्यात पडल्यावर थोडी गढूळ रेघ दिसली तर घाबरू नका. विरघळलेले राळेसारखे घटक पाण्यात वेगळे होतात, एवढंच.

पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली, हे गणित इथे लागू नाही. अल्कोहोलचा थेंब लहान पडतो. तुमच्या ड्रॉपरने बिनसुईच्या सिरिंजमध्ये १ मिलीपर्यंत थेंब सोडा आणि मोजा. नवी बरणी जुनीपेक्षा किती कडक आहे हे पाहायचं असेल तर स्कोव्हिलचीच युक्ती वापरा: दोन पेल्यांत सारखं साखरपाणी, प्रत्येकात एकेका अर्काचा एक थेंब, घोट अगदी लहान.

हे औषध म्हणून विकण्याचा किंवा त्याने अमुक आजार बरा होतो असं सांगण्याचा आमचा विचार नाही. आमच्या मते मिरचीचं टिंक्चर दुसऱ्या अर्कात थेंबभर ऊब आणायला ठीक; मुख्य अर्क म्हणून रोज घेण्याजोगं ते नाही. आम्लपित्त, अल्सर किंवा आतड्याचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर व स्तनदा स्त्रियांनी ते टाळावं. मुलांना देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दम्यासाठीचं थिओफिलिन किंवा रक्तदाबासाठीची एसीई इन्हिबिटर गटातली औषधं (यांत खोकला वाढू शकतो) चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांनी थेंबभरही घेऊ नये.

त्वचेवर लावायचं असेल तर

औषधाच्या दुकानातल्या कॅप्सेसिनच्या मलमात ते बहुधा ०.०२५ ते ०.०७५ टक्के असतं, मोजून घातलेलं. घरच्या अर्कात किती आहे हे तुम्हाला कळत नाही, आणि अल्कोहोल उडून गेलं की ते सगळं कातडीवर उरतं. म्हणून सांधेदुखीसाठी मलमच घ्या. तरी टिंक्चर वापरायचंच असेल तर बरंच पातळ करून आधी मनगटाच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून दिवसभर थांबा. जखमेवर लावू नका, वर पट्टी आवळू नका, शेक देऊ नका. कॅप्सेसिन ज्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीला (नसांच्या टोकांवरच्या, संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं तीच आपल्याला ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता जाणवून देते. त्यामुळे लावून काही तास उलटल्यावर गरम पाण्याची आंघोळ केली तरी आग पुन्हा भडकते. या ग्राहीचा शोध १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत याच मिरचीच्या द्रव्याच्या मदतीने लागला. २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी.

हाताला आग झाली तर आधी खाण्याचं तेल चोळा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते पसरतं. तोंडात आग झाली तर दूध. डोळ्यात गेलं तर फक्त स्वच्छ पाणी, भरपूर, पंधरा मिनिटं तरी; लेन्स असेल तर काढून टाका, आणि दुखणं थांबलं नाही तर डॉक्टर गाठा.

चोथा ओला असेपर्यंत शेगडीजवळ ठेवू नका. उघड्यावर वाळवून, कागदात गुंडाळून मग कचऱ्यात टाका, कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागणार नाही असा. बरणी आणि फडकं आधी गार पाण्याने धुवा. कढत पाणी ओतलंत तर वाफेबरोबर तिखट थेट नाकात जातं.