४३ फुटांच्या आधीचा निरोप

पावसाळा लागला की कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एकच आकडा फिरू लागतो: राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा किती फुटांवर. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. शिवाजी पुलाला मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का, हेही कुणीतरी विचारतंच. समजा, प्रयाग चिखलीतल्या एखाद्या म्हशीवाल्याला एवढंच हवंय: पातळी ३७ च्या वर गेली आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की गल्लीतल्या सगळ्यांना मेसेज जावा. जनावरं हलवायला वेळ लागतो. एवढ्यासाठी त्यानं प्रोग्रॅमिंग शिकायचं का?

लागणारे बरेचसे भाग तयार आहेत. नकाशा, पावसाचा अंदाज, मेसेज पाठवणं या सगळ्या इंटरनेटवरच्या सेवा आहेत आणि प्रत्येकीला एपीआय नावाचा दरवाजा असतो. ठरलेल्या पद्धतीनं विचारलं की ठरलेल्या साच्यात उत्तर मिळतं. २००५ साली पॉल रेडमाकर यांनी क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर मांडल्या. तेव्हा त्या नकाशाला अधिकृत दरवाजाच नव्हता. त्यांनी तो आतून उकलून काढला. त्याच वर्षी गूगलनं दरवाजा सगळ्यांना उघडून दिला. पण रेडमाकर स्वतः प्रोग्रॅमर होते.

बाकीच्यांसाठी याहू कंपनीनं २००७ मध्ये ‘पाइप्स’ आणलं. पडद्यावर चौकटी मांडायच्या, माउसनं नळी ओढून एकीतून दुसरीत माहिती सोडायची. कल्पना देखणी होती, तरी २०१५ मध्ये ते बंद झालं आणि लोकांनी त्यावर उभारलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. इफ्ट, झेपियर ही त्यानंतरही चालू राहिलेली साधनं; ‘असं झालं तर तसं कर’ इतकंच सांगायचं.

माझ्या मते खरी अडचण कोड लिहिण्याची नाहीच, सांध्यांची आहे. उसाच्या रानात दीड इंची पाइप दोन इंचीला थेट बसत नाही, मध्ये रिड्यूसर लागतो, इथंही तसंच. एक सेवा पातळी फुटांत देते, दुसरी मीटरमध्ये. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये. एकीकडे ‘गगनबावडा’, दुसरीकडे नुसतंच ‘बावडा’. माणसाला कळतं, यंत्राला ती दोन गावं वाटतात. आणि आकडा फोटोतून आला, तर तिथं एपीआयचा दरवाजाच नाही.

म्हणून मला साधी स्प्रेडशीट सगळ्यात भरवशाची वाटते. १९७९ च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटपासून हिशेबनीस, दुकानदार तीत सूत्रं मांडत आलेत आणि त्याला प्रोग्रॅमिंग म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही. शिवाय मधला प्रत्येक आकडा डोळ्यांसमोर दिसतो, चुकला की कुठं चुकला ते सापडतं. गावातल्या एकानं गूगल फॉर्ममध्ये पातळी, धरणाचे उघडलेले दरवाजे आणि वेळ भरायची, शीटमध्ये अट घालायची, मेसेजची सेवा तिला जोडायची. जोडणीचं थोडंफार कोड आता एआयकडून मराठीत सांगूनही लिहून घेता येतं. मात्र ३७ च का, धरणाचे दरवाजे किती उघडल्यावर, हे चिखलीकरांनीच ठरवायचं.

आणखी एक अट मात्र विसरून चालणार नाही. आकडा भरणाराच पुरात अडकला किंवा नेटवर्क गेलं, तर शीटमध्ये जुनीच ३६ फूट पातळी राहील, मेसेज जाणार नाही आणि गल्ली निर्धास्त झोपेल. तेव्हा दोन तासांत नवी नोंद आली नाही, तरीही मेसेज गेला पाहिजे: ‘पातळी कळलेली नाही, फोन करून विचारा.’